घरपोच रुग्णसेवेतील वेठबिगारीविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आपल्या घरी रुग्णाच्या उशाशी रात्रभर जागणारी मावशी स्वखुशीने काम करते आहे की डोक्यावरच्या कर्जापायी, हे आम्हाला विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

वेठबिगारी म्हटले की वीटभट्टी आठवते. परंतु उचल देऊन माणूस अडकवण्याची रीत रुग्णसेवेतही शिरली आहे. सुरगाणा तालुक्यातील एक मुलगी आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत दहावीच्या गुणपत्रिकेची फक्त झेरॉक्स होती. मूळ प्रत आधीच्या ब्यूरोने (रुग्णसेविका पुरवणाऱ्या संस्थेने), वडिलांनी घेतलेली उचल फिटेपर्यंत, स्वतःच्या कपाटात ठेवली होती, आणि पगारातून जेवण, गणवेश व खोलीभाडे कापले जात असल्याने ती उचल वाढतच गेली होती. वेठीचे असे कर्ज फेडण्याचे बंधन १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेच संपवले आहे, हे तिला कोणीही सांगितले नव्हते. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे हीदेखील संविधानाच्या अनुच्छेद २३ने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात दिला.

आम्ही मूळ कागदपत्रे तपासून त्याच वेळी परत देतो, पगार कर्मचाऱ्याच्याच बँक खात्यात भरतो आणि अठरा वर्षांखालील कोणालाही कामावर घेत नाही. अडीअडचणीला आगाऊ रक्कम देतो. मात्र ती बिनव्याजी असते आणि तिच्यापायी कोणालाही काम सोडण्यापासून अडवले जात नाही. आमचे दर काहीसे जास्त वाटतात, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

रुग्णसेवेत लागणारे हातमोजे आणि गॉज जिथे बनतात, तिथवर मात्र आमचा हात तेवढा पोहोचत नाही. मलेशियातील एका मोठ्या हातमोजे उत्पादकाचा माल सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अमेरिकेने २०२० मध्ये अडवला होता. तेव्हापासून आम्ही घाऊक विक्रेत्याकडून उत्पादकाचे नाव लेखी घेतो, आणि नाव न देणाऱ्याचा माल, स्वस्त असला तरी, घेत नाही.

आपणही मावशींचा फोन किंवा आधार कार्ड स्वतःकडे ठेवू नये, साप्ताहिक सुट्टी द्यावी आणि पगार म्हणून कोणत्याही मध्यस्थाच्या हाती रोख देऊ नये. त्यांच्या वतीने दुसरेच कोणी बोलत असेल, किंवा काम सोडण्याचा विषय निघताच त्या घाबरत असतील, तर आम्हाला कळवावे. तक्रार आमच्याविरुद्धच असेल, तर ती जिल्हाधिकारी कार्यालयात करावी, कारण वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या अंमलबजावणीचे अधिकार तेथे आहेत. मुलाचा प्रश्न असल्यास १०९८ या क्रमांकावर फोन करावा.