सस्टेनेबिलिटी बहुतेक ठिकाणी मायनर म्हणूनच का भेटते? थोडी पार्श्वभूमी

सस्टेनेबिलिटीचं (म्हणजे निसर्ग संपू न देता गरजा कशा भागवायच्या या अभ्यासाचं) मायनर, म्हणजे डिग्रीतला दुय्यम विषय, घेतलंय असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, मग मेजरच, म्हणजे मुख्य विषयच का नाही केलं? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर विषयात कमी आणि युनिव्हर्सिट्यांच्या कारभारात जास्त सापडतं. आणि त्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात, ज्यांचा शंभर-सव्वाशे वर्षं एकमेकींशी काही संबंधच नव्हता.

पहिली गोष्ट मायनरची. 19व्या शतकात अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत सगळ्यांना एकच ठरलेला अभ्यासक्रम असायचा, लॅटिन, ग्रीक, गणित वगैरे, निवडायला फारसं काही नाही. 1869 मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे प्रेसिडेंट झाले, चाळीस वर्षं त्या खुर्चीत राहिले आणि त्यांनी मुलांना विषय निवडायची जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली. मग जे व्हायचं तेच झालं, काही मुलांनी दहा विषयांची फक्त तोंडओळख करून डिग्री काढली! त्यांच्यानंतर 1909 मध्ये आलेल्या लोवेलनी लगाम घातला, एका विषयात खोल जा आणि बाकीचे थोडे थोडे घ्या. तिकडे जॉन्स हॉपकिन्सच्या 1877-78 च्या कॅटलॉगमध्ये मेजर आणि मायनर हे शब्द आधीच आले होते. तेव्हाचं मायनर म्हणजे साधा दुय्यम विषय, मुख्य विषयाइतका खोल नाही एवढंच. दोन-चार डिपार्टमेंटच्या मधल्या जागेत काही शिकायचं असेल तर ही सोय वापरता येईल हे पुढे सुचलं.

दुसरी गोष्ट सस्टेनेबिलिटीची, आणि ती सुरू होते खाणीत. जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये चांदीच्या खाणी आणि भट्ट्या लाकूड अक्षरशः गिळत होत्या, आसपासची जंगलं संपत आली होती. हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ हा तिथला खाण खात्याचा मोठा अधिकारी. त्याने 1713 मध्ये जंगलावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्याचं सार असं की जेवढं परत उगवेल तेवढंच तोडा, आणि लावत रहा. मला यातली गंमत ही वाटते की हे सांगणारा माणूस जंगल खात्याचा नव्हताच, त्याला चिंता भट्टीची होती. म्हणजे विषय जन्मालाच आला तो एका खात्याचा प्रश्न दुसऱ्या खात्याच्या दारात गेल्यामुळे. पुढे मात्र ही कल्पना बराच काळ वनशास्त्राच्या वर्गातच राहिली.

मग एकदम 1960 च्या दशकात या. 1962 मध्ये रेचेल कार्सननी कीटकनाशकांवर लिहिलं, जानेवारी 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या समुद्रात तेलाच्या विहिरीतून गळती झाली आणि किनारा काळा पडला. 22 एप्रिल 1970 च्या पहिल्या अर्थ डेला अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोक उतरले असं सांगतात. मिडलबरी कॉलेजने 1965 लाच पर्यावरणाचं मेजर काढलं होतं, आणि गळती झाली त्या सांता बार्बराच्या युनिव्हर्सिटीने 1970 मध्ये स्वतःचा प्रोग्राम सुरू केला.

इथेच खरी अडचण सुरू झाली. प्रोफेसरचा पगार, प्रमोशन, रूम, सगळं त्याच्या डिपार्टमेंटकडून येतं. केमिस्ट्रीवाल्याने पर्यावरणाचा कोर्स घेतला तर केमिस्ट्रीचा एक कोर्स कमी झाला, मग हेड विचारणारच ना की आमचं कोण शिकवणार? 1970 मध्ये फ्रान्समधल्या नीसला ओईसीडीने (श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) आंतरशाखीय शिक्षणावर चर्चासत्र भरवलं, 1977 मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीला युनेस्कोच्या परिषदेत ठरलं की पर्यावरण शिक्षण अनेक शाखा एकत्र आणूनच द्यायचं. ठराव छान होते, पण हेडच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नव्हतं.

1987 चा यूएनच्या ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला आणि विषय अजून फुगला. त्यात पर्यावरण, गरिबी आणि विकास एकत्र बांधले, त्यामुळे आता बायोलॉजी-जिऑलॉजीवर भागेना, इकॉनॉमिक्स, कायदा, सार्वजनिक आरोग्य सगळेच हवे झाले. 1990 मध्ये टफ्ट्स युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट जाँ मेयर यांनी फ्रान्समधल्या तालुआरला जगभरातले 22 युनिव्हर्सिटी प्रमुख जमवले आणि दहा कलमी जाहीरनामा निघाला. नंतर त्यावर शेकडो संस्थांनी सह्या केल्या. सही करायला पैसे लागत नाहीत, कोर्स काढायला लागतात, हे त्यातल्या बऱ्याच जणांना लवकरच कळलं असणार.

2005 ते 2014 हे यूएनचं शाश्वत विकासासाठी शिक्षणाचं दशक होतं, आणि त्याच काळात ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने 2006 मध्ये सस्टेनेबिलिटीचं स्वतंत्र स्कूलच काढलं. सगळ्यांना एवढं कुठे जमणार, तर त्यांच्यासाठी मायनर हा स्वस्तातला आणि खरं सांगायचं तर शहाणपणाचा मार्ग ठरला. कोर्स आधीच चालू असतात, फक्त विषयाची ओळख करून देणारा एक कोर्स नवा, मग विज्ञानातला एक, समाजशास्त्र किंवा इकॉनॉमिक्समधला एक, नीतीशास्त्र नाहीतर इतिहासातला एक, आणि शेवटी प्रोजेक्ट. नवीन डिपार्टमेंट नको, नवीन हेड नको, भांडण कमी.

शेवटच्या प्रोजेक्टमध्ये काय होतं ते बघितलं की कळतं हे का चालतं. अगदी नेहमीचा प्रोजेक्ट म्हणजे कॅम्पसच्या कचऱ्याची तपासणी. ताडपत्री अंथरायची, हातमोजे घालायचे, एका बिल्डिंगच्या पिशव्या ओतायच्या आणि कागद, प्लास्टिक, उष्टं वेगळं करून वजन घ्यायचं. कागदाच्या ढिगाऱ्यात ओलं उष्टं सापडतं आणि सगळा कागद वाया गेलेला असतो. इंजिनिअरिंगची मुलगी म्हणते डब्याचं तोंडच चुकीचं आहे, सायकॉलॉजीवाला म्हणतो लेबल कोणी वाचतच नाही, कॉमर्सवाली कंत्राट काढून दाखवते की उचलणाऱ्याला वजनावर पैसे मिळतात, मग तो कचरा कमी कशाला होऊ देईल! यातलं कोणीच चूक नाही आणि एकट्याने कोणालाच उत्तर सापडलं नसतं, कारण प्रत्येकजण आपापलं मेजर घेऊन तिथे उभा आहे.

अर्थात टीकाही आहे आणि ती मला पटते. कोर्सची टोपली भरली म्हणजे ते एकमेकांना जोडले गेले असं होत नाही, जोडायचं काम विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं. 2011 मध्ये वीक, विदिकोम आणि रेडमन या संशोधकांनी नेमकं यावर बोट ठेवून पाच क्षमता मांडल्या, गुंता एकसंध बघणं, पुढचा अंदाज बांधणं, मूल्यांवर वाद घालता येणं, डावपेच आखणं आणि लोकांबरोबर काम करणं. तेव्हापासून बरेच प्रोग्राम विषयांची यादी बाजूला ठेवून या क्षमतांवरून कोर्स ठरवायला बघतात. दुसरीकडे आशे (AASHE) नावाच्या, कॉलेजांमधल्या सस्टेनेबिलिटीवर काम करणाऱ्या संस्थेचं स्टार्स (STARS) रेटिंग आलं, ज्यात सस्टेनेबिलिटीचे कोर्स मोजले जातात, मग जुन्याच कोर्समध्ये एक धडा घालून त्याला हिरवं लेबल लावायचा मोहही आलाच. मायनर निवडताना यादीतल्या कोर्सची नावं बघण्यापेक्षा शेवटचा प्रोजेक्ट कोण घेतं आणि त्या माणसाला त्यासाठी डिपार्टमेंटकडून वेळ मिळतो का, हे विचारलेलं बरं.