पेटका थकव्याचा की घामाचा?

फुटबॉलचा सामना जादा वेळेत गेला की हे हमखास पाहायला मिळतं. खेळाडू पोटरी धरून गवतावर आडवा होतो. जवळचा कुणीतरी, कित्येकदा समोरच्या संघातलाच, त्याचा पाय सरळ वर उचलतो आणि बुटाचं टोक नडगीच्या दिशेने दाबून धरतो. थोड्याच वेळात गोळा सुटतो आणि खेळाडू उठून उभा राहतो. एवढ्या वेळात त्याच्या पोटात ना पाणी गेलेलं असतं, ना मीठ. तरीही पेटका आला की आपण पहिल्यांदा बाटलीच पुढे करतो, कारण सगळे पेटके घामाने येतात असं आपण धरून चाललोय. खेळातले पेटके ढोबळमानाने दोन वाटांनी येतात, आणि त्या वाटा कळल्या की काही खेळांनाच हा त्रास जास्त का, हेही उलगडतं.

पहिली वाट थकव्याची. स्नायूच्या आत त्याची लांबी टिपणारी संवेदकं असतात. ती मज्जारज्जूला ‘आखड’ असा इशारा देतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेत गोल्जी नावाची दुसरी संवेदकं असतात. ताण वाढला की ती ‘सैल सोड’ म्हणतात. स्नायू दमला की पहिला इशारा चढतो, दुसरा क्षीण होतो आणि स्नायू आखडलेलाच राहतो. दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्यक संशोधक मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ मध्ये ही मांडणी पुढे आणली. पाय ताणल्यावर गोळा लगेच का सुटतो, हे तिच्यातून नीट कळतं: ताणल्यामुळे कंडरेवर जोर येतो आणि ‘सैल सोड’चा इशारा पुन्हा सुरू होतो.

यात स्नायूची स्थितीही महत्त्वाची. आधीच आखूड असलेल्या स्नायूला आणखी आवळलं तर कंडरेवर ताण फारसा येत नाही. पोटरी, मांडीमागचा हॅमस्ट्रिंग आणि मांडीच्या पुढचा स्नायू दोन-दोन सांध्यांवरून जातात, त्यामुळे ते अशा आखूड अवस्थेत सहज सापडतात. पेटके बहुतेक इथेच येतात. जलतरणपटूचंच बघा. गार पाण्यात पोहतानाही त्याच्या पोटरीत आणि तळपायात गोळे येतात, कारण पायाची बोटं मागे ताठ ठेवून तो सतत लाथा मारत असतो. पोटरी पूर्ण वेळ आखूडच राहते.

श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी आयर्नमॅन ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग लांब शर्यतीच्या) स्पर्धकांचीही तपासणी केली. पेटके आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तातल्या क्षारांमध्ये किंवा घटलेल्या वजनात लक्षणीय फरक सापडला नाही. फरक होता तो वेगात आणि पूर्वेतिहासात: जे जास्त वेगाने गेले आणि ज्यांना आधीही पेटके येऊन गेले होते, त्यांना ते जास्त आले. मला हा पुरावा फार बोलका वाटतो. मॅरेथॉनमध्ये सरावापेक्षा जास्त वेग धरणाऱ्याला शेवटच्या टप्प्यात पोटरी का दगा देते, याचं उत्तर यात आहे.

पण म्हणून घामाची वाट खोटी ठरत नाही, आणि तिचा इतिहास तर जास्त जुना आहे. १९२० च्या दशकात ब्रिटनमधले कोळसा खाणकामगार आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरण बांधणारे मजूर उष्णतेत राबून पेटक्यांनी हैराण व्हायचे. घामातून मीठ जायचं, ते नुसतं पाणी प्यायचे आणि रक्तातलं सोडियम आणखी पातळ व्हायचं. मीठ मिळालं की त्रास कमी व्हायचा. एक लिटर घामातून साधारण अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम जातं. माणसामाणसात एवढा फरक असल्यामुळे एकाच संघातला एकजण कोलमडतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. म्हणून उन्हाळ्यात जड संरक्षक पोशाखात सराव करणारे अमेरिकन फुटबॉलपटू, पाच सेट खेळणारे टेनिसपटू आणि दमट हवेत दिवसभर मैदानावर असणारे क्रिकेटपटू या वाटेवर जास्त सापडतात. नेमबाजीत दोन्ही कारणं क्वचितच जमून येतात.

प्रत्यक्षात ओळखायचं कसं? थकव्याचा पेटका सहसा एकाच, सर्वाधिक राबलेल्या स्नायूत, अचानक येतो आणि ताणल्यावर सुटतो. मिठाच्या कमतरतेचा पेटका बऱ्याचदा आधी चाहूल देतो. त्वचेखाली बारीक फडफड होते, मग एका स्नायूतून दुसऱ्यात, दोन्ही पायांत, कधी पोटात नि हातात तो फिरतो. कपड्यांवर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात. ताणल्याने आराम पडतो, पण थोड्या वेळाने तो दुसरीकडे डोकं वर काढतो.

रेषा नेहमी इतकी स्वच्छ नसते. २०२३ च्या विश्वचषकात अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद २०१ धावा काढणाऱ्या ग्लेन मॅक्सवेलने आधी पन्नास षटकं क्षेत्ररक्षणही केलं होतं. नंतर पेटक्यांमुळे तो जवळजवळ जागेवर उभा राहूनच फटके मारत होता. तिथे उष्मा आणि थकवा दोन्ही होते. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य सामन्यात जोकोविचविरुद्ध कार्लोस अल्काराझला तिसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच पेटके आले. त्याने स्वतः कारण सांगितलं ते मनावरच्या दडपणाचं.

लोणच्याच्या खारट-आंबट पाण्याचा उपायही असाच फसवा. प्रयोगात विजेच्या झटक्याने आणलेला पेटका ते प्यायल्यावर साधारण दीड मिनिटात गेला, साध्या पाण्यापेक्षा लवकर. एवढ्यात त्यातलं मीठ रक्तात पोचत नाही. म्हणजे घशातल्या चेतांनी दिलेला इशारा काम करत असावा.

म्हणून पेटका आला की आधी स्नायू ताणून धरा आणि खेळाचा वेग कमी करा. तो एकाच जागी असेल तर पुढच्या सरावात त्या स्नायूची ताकद आणि सहनशक्ती वाढवायला हवी. तो फिरत असेल आणि घाम भरपूर गेला असेल तर मीठ घातलेलं पेय द्या. अशा वेळी नुसतं पाणी लोटत राहणं धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम फार खाली गेलं तर उलट्या, गोंधळलेपण, झटके येऊ शकतात. ही लक्षणं दिसली, किंवा नंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर खेळाडूला थेट डॉक्टरकडे न्यायचं.