हात पुढे करा, बोटं पसरा

मनोविकार वॉर्डात पहिल्यांदा ड्यूटीला येणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मी एक प्रश्न हमखास विचारते. लिथियम (उन्माद-नैराश्याच्या आजारावरचं औषध) चालू असलेल्या पेशंटकडे सकाळी गेलात, तर पहिलं काय विचाराल? उत्तरं ठरलेली असतात. "झोप लागली का?", "मन कसं आहे?", "आवाज ऐकू येतात का?" यांतलं एकही चूक नाही. पण मला हवं असलेलं उत्तर क्वचितच येतं: "जुलाब-उलट्या झाल्या का? पाणी किती प्यायलात?"

औषध डोक्याचं आणि चौकशी पोटाची, म्हणून मुलं चक्रावतात. मानसोपचाराची गोळी मेंदूत जाते आणि तिथेच थांबते, असा समज घरोघरी असतोच, पण तो वॉर्डातही भेटतो. क्लोझापिन चालू असेल तर पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, ओलँझापिनला वजन आणि साखर बघावी लागते. हॅलोपेरिडॉल घेणारा माणूस सारख्या येरझाऱ्या घालू लागला, तर तो आजार वाढल्याने घालतोय की गोळीमुळे, हे ओळखावं लागतं. त्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. माझा जीव मात्र लिथियमवर जडलाय, कारण या औषधाची किल्ली मेंदूपेक्षा मूत्रपिंडाच्या हातात जास्त आहे.

लिथियम हे साधं मूलद्रव्य, अणुक्रमांक ३. आवर्तसारणीत ते सोडियमच्या बरोबर वरच्या घरात बसतं. विश्व जन्मल्यावर पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियमसोबत चिमूटभर लिथियमही तयार झालं. "नैसर्गिक आहे, म्हणजे साइड इफेक्ट नाहीत" असं सांगून गोळ्या-पावडरी विकणाऱ्यांना मी हेच ऐकवते. याहून नैसर्गिक औषध शोधून दाखवा, आणि तरीही त्याचा डोस थोडा चुकला की माणूस अतिदक्षता विभागात जातो.

१९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने उन्मादाच्या पेशंटना लिथियम देऊन पाहिलं आणि ते शांत झाल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी अमेरिकेत वेगळाच गोंधळ उडाला. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या ज्या पेशंटना मीठ बंद होतं, त्यांच्यासाठी लिथियम क्लोराइड हे मिठाऐवजी वापरायला बाजारात आलं होतं. अनेकांना विषबाधा झाली, काही दगावले आणि ते मागे घेतलं गेलं. तिथे औषध म्हणून लिथियमला मान्यता मिळायला १९७० उजाडलं. त्या पेशंटनी लिथियम खाल्लं हे अर्धंच कारण. त्यांचं मीठ बंद होतं, हे उरलेलं अर्धं.

मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतं आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतं. गाळलेल्या पाण्यात सोडियम असतं, आणि लिथियमवरच्या माणसात लिथियमही. हे पाणी मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांतून पुढे जातं. नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी सोडियम ओढून घेतात, पण त्यांना लिथियम वेगळं ओळखता येत नाही. तोच विद्युतभार, तेच दार. गाळलेल्या लिथियमपैकी साधारण ८० टक्के असं परत येतं आणि उरलेलं लघवीतून जातं.

आता माणसाला जुलाब झाले, दरदरून घाम आला किंवा कुणी त्याचं मीठ तोडलं, की शरीरातलं सोडियम आणि पाणी कमी होतं. मूत्रपिंड सावध होतं आणि त्या नलिका सोडियम जास्त घट्ट धरू लागतात. सोबत लिथियमही धरलं जातं. गोळ्या तेवढ्याच राहतात आणि रक्तातली लेव्हल चढत जाते. उलट एकदम भरपूर मीठ खाल्लं, तर लिथियम लघवीतून वाहून जातं आणि आजार डोकं वर काढू शकतो. म्हणून आम्ही सांगतो की मीठ तोडू नका, वाढवूही नका, रोजच्यासारखं असू द्या. रक्तदाबासाठीच्या थायझाइड गोळ्या लघवीतून सोडियम घालवतात, मग लिथियमही जायला हवं ना? नाही जात. त्या गोळ्या सोडियम घालवतात नलिकेच्या पुढच्या टप्प्यावर, आणि ती तूट भरून काढायला सुरुवातीचा टप्पा आणखी हावरा होतो. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही लेव्हल वाढते. गुडघेदुखीसाठी स्वतःहून घेतलेली गोळी पेशंट "औषध" म्हणून सांगतच नाही, नाव घेऊन विचारावं लागतं.

लेव्हल साधारण ०.६ ते १ मिलिमोल प्रतिलिटर ठेवायची असते. १.५ च्या पुढे विषबाधेची भीती, २ च्या पुढे परिस्थिती गंभीर. रक्तात सोडियम १४० च्या आसपास असतं, त्यापुढे हा आकडा किती चिमुकला आहे बघा. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं. सकाळची गोळी देऊन मग रक्त घेतलं, तर रिपोर्ट घाबरवून सोडतो.

एकदा असाच रिपोर्ट आला, २.६. पेशंट मात्र खिडकीपाशी उभा राहून व्यवस्थित चहा पीत होता. मी म्हटलं, "हात पुढे करा, बोटं पसरा." बोटांची टोकं किंचित थरथरत होती, जशी लिथियमवर अनेकांची थरथरतात. चाल सरळ होती, बोलणं स्पष्ट होतं. डॉक्टरांना कळवलं, पुढचा डोस थांबवला आणि रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं ते विचारलं. हिरव्या टोपणाच्या. त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन असतं, आणि बहुतेकदा ते असतं लिथियम हेपरिन! योग्य ट्यूबमध्ये पुन्हा रक्त पाठवलं, लेव्हल ०.८.

पण याची उलट बाजू जास्त धोक्याची आहे. कंप हाताभर मोठा झाला, चाल झोकांड्या खाऊ लागली, जीभ जड झाली, पेशंट गुंगीत जाऊ लागला, तर रिपोर्टची वाट बघत बसू नये. अनेक वर्षं लिथियम घेणाऱ्यात आकडा फारसा चढलेला नसतानाही विषबाधा दिसू शकते. त्यातच उलट्या-जुलाब हे विषबाधेचं कारणही असतात आणि लक्षणही, म्हणजे चक्र स्वतःच स्वतःला फिरवतं.

नलिकेच्या शेवटच्या टोकाला आणखी एक गंमत आहे. (इथून पुढचा परिच्छेद थोडा जड आहे, मला सोडवत नाही.) तिथल्या पेशींत सोडियमसाठी एक खास वाट असते, तिच्यातून लिथियम सहज आत शिरतं. सोडियमला बाहेर फेकणारा पंप लिथियमला मात्र नीट उचलत नाही, त्यामुळे ते आत साठतं. साठलं की जीएसके-३ नावाचं विकर (एन्झाइम) दबतं. मेंदूतल्या परिणामासाठीही संशयित म्हणून याच विकराचं नाव घेतात. इथे नतीजा असा की पाणी परत घेणाऱ्या अ‍ॅक्वापोरिन-२ या प्रथिनाच्या खिडक्या कमी होतात. मेंदू व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक (हॉर्मोन) पाठवून "पाणी धरा" म्हणत राहतो, पण धरायला खिडक्याच नाहीत. लघवी दिवसाला तीन लिटरच्या वर जाऊ शकते. अ‍ॅमिलोराइड हे औषध ती सोडियमची वाटच अडवतं, म्हणून इथे उपयोगी पडतं.

वॉर्डात हे दिसतं ते रात्री. एक बाई रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठायच्या. त्यांच्या मुलीने मायेपोटी संध्याकाळी सातनंतर पाणी बंद केलं होतं. "सिस्टर, आई जरा झोपेल तरी." मी तिला बाहेर नेऊन समजावलं की आई पाणी पिते म्हणून लघवी होत नाही, लघवी होते म्हणून तिला तहान लागते. पाणी तोडलं तर शरीर सुकेल, आणि सुकलेलं मूत्रपिंड लिथियम धरून बसेल. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग कपाटातली बाटली काढून तिने स्वतःच आईच्या उशाशी ठेवली. मी चार्टवर २४ तासांची लघवी मोजायची नोंद केली आणि डॉक्टरांना फोन लावला.