एदलाबादच्या आमदार वकीलबाई

जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरला जुनी माणसं अजूनही एदलाबादच म्हणतात. संत मुक्ताबाईंची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते ती याच भागातून. १९६७, १९७२, १९७८ आणि १९८०, अशा ओळीने चार निवडणुकांत या मतदारसंघाने प्रतिभाताई पाटील यांना विधानसभेत पाठवलं. ताईंविषयी लिहिताना सगळे थेट राष्ट्रपती भवनात पोचतात आणि एदलाबादची ही अठरा वर्षं एका ओळीत उरकतात, याचं मला वाईट वाटतं.

ताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, बोदवडजवळच्या नाडगावचा. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून एम.ए. आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी. कॉलेजात टेबल टेनिसमध्येही त्यांचं नाव होतं. पुढे जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केली. या जिल्ह्याला काँग्रेस काही नवी नव्हती. १९३६ मध्ये पक्षाचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरलाच भरलं होतं. पण त्या काळी काळा कोट घालून कोर्टाची पायरी चढणारी मुलगी किती जणांनी पाहिली असेल? तीच मुलगी १९६२ साली, सत्ताविसाव्या वर्षी, जळगावची आमदार झाली.

१९६७ नंतर उपमंत्रिपद आणि १९७२ पासून कॅबिनेट. आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण अशी खाती हाताखालून गेली.

खरा कस लागला तो सत्ता गेल्यावर. जुलै १९७८ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचं सरकार कोसळलं आणि शरद पवारांचं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचं सरकार आलं. दहा-अकरा वर्षं मंत्री राहिलेल्या ताई आता समोरच्या बाकांवर होत्या. जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. इंदिराजींवरची निष्ठा त्यांनी पडत्या काळातही सोडली नाही. माझ्या मते, पुढे पक्षाने त्यांच्यावर जो भरवसा टाकला त्याचं मूळ इथेच आहे.

१९८५ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या, तिथे उपसभापती झाल्या आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष. नाडगावची लेक आता सगळ्या राज्यात पक्षाचा कारभार पाहत होती. १९९१ ची लोकसभा मात्र त्यांनी खानदेशातून लढवली नाही; त्या निवडून आल्या सासरच्या अमरावतीतून.