पूडल-संकर कुत्री (डूडल)

पूडल ही कुरळ्या केसांची जात आणि दुसऱ्या जातीचे कुत्रे यांच्या संकरातून झालेल्या पिल्लांना ‘डूडल’ म्हणतात. लॅब्राडॉरशी संकर केला की लॅब्राडूडल, गोल्डन रिट्रीव्हरशी केला की गोल्डनडूडल, कॉकर स्पॅनियलशी कॉकपू आणि माल्टीजशी माल्टीपू. एफसीआय ही आंतरराष्ट्रीय श्वानसंस्था यांना जात मानत नाही. म्हणून नाशिकमध्ये कुणी ‘पेपरवालं डूडल’ (म्हणजे वंशावळीचे प्रमाणपत्र असलेले) विकायला आणलं, तर ते पेपर कसले, हे आधी विचारावे.

लॅब्राडूडल हे नाव गाजले ते ऑस्ट्रेलियात, १९८९च्या सुमारास. हवाईतील एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेचे वॉली कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि स्टँडर्ड (मोठ्या आकाराचे) पूडल यांचा संकर करून पाहिला. झालेल्या तीन पिल्लांपैकी एकच त्या नवऱ्याला चालले. पुढे बेफाम पैदास सुरू झाल्यावर आपल्याला या कामाचा पश्चात्ताप होतो, असे कॉनरन यांनी उघडपणे सांगितले.

तीनातले एक, हा तपशील घेणाऱ्याने विसरू नये. ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. ती प्रत्येक कुत्र्यात असतात. घरात कुणाला दमा असेल तर त्या माणसाने त्याच कुत्र्याजवळ दोन-चारदा तासभर बसून पाहावे. शिवाय एकाच वेताची भावंडेही सारखी निघत नाहीत. एकाचे केस पूडलसारखे कुरळे, तर दुसऱ्याचे लॅब्राडॉरसारखे सरळ आणि घरभर गळणारे.

कुरळे केस फारसे गळत नाहीत, याचा दुसरा अर्थ असा की सुटलेला केस अंगावरच अडकतो. त्याचा गुंता होतो, गुंत्याची जट होते, जटेखाली कातडी ओढली जाते आणि जनावर मुक्याने सोसत राहते. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आधी बघावे. वरवर ब्रश फिरवून भागत नाही. केस बोटांनी बाजूला करून स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत सरकला पाहिजे. हे शक्यतो रोज करावे, आणि अंघोळीच्या आधी तर न चुकता, कारण भिजलेला गुंता आणखी आवळतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी केस कापावे लागतात. हा खर्च कुत्र्याच्या आयुष्यभराचा, म्हणजे साधारण दहा ते पंधरा वर्षांचा असतो.

पूडल मुळात पाण्यातली शिकार उचलून आणणारे हुशार कुत्रे. डूडलमध्येही ती हुशारी उतरते. दिवसभर कुलूपबंद फ्लॅटमध्ये ठेवले तर ते भुंकते, सोफा कुरतडते. मोठ्या डूडलला रोज तासभर तरी दमवावे लागते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ते काम पहाटेच उरकावे.

पावसाळ्यात लोंबत्या, केसाळ कानांत ओल राहते, कान वाहू लागतात. गोचीड दाट केसांत दिसतही नाही. बोटांनी चाचपूनच शोधावी लागते. पाऊस सरला की पांडवलेणीच्या डोंगराकडे किंवा गंगापूर धरणाकडे फिरवून आणलेल्या कुत्र्याच्या पंजाच्या बेचक्यांत कुसळे अडकलेली असतात. ती त्याच संध्याकाळी काढावीत, नाहीतर कातडीत घुसतात. रंगपंचमीला कुत्रे घरातच ठेवलेले बरे. कुरळ्या केसांत बसलेला रंग ते चाटत बसते.

घेताना पिल्लाची आई बघायला मागावी. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. संकर झाला म्हणून आनुवंशिक आजार टळत नाहीत. मोठ्या डूडलच्या आईबापांच्या खुब्यांची आणि डोळ्यांची तपासणी झाली आहे का, छोट्यांच्या बाबतीत गुडघ्याची वाटी सरकते का, हे विचारलेच पाहिजे.

नाशिककरांनी एक गोष्ट फार जपावी: द्राक्षे आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्याने होईल याचा नेम नाही. कांदा-लसूण कच्चा असो वा आमटीत शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. हंगामात द्राक्षांची पेटी जमिनीवर उघडी ठेवू नये. शिऱ्यातला बेदाणाही लाडाने भरवू नये. द्राक्षे पोटात गेल्याचे कळले तर उलटीची वाट न पाहता कुत्र्याला तडक पशुवैद्याकडे न्यावे.