उसाच्या फडात सापडलेली पिल्लं

टोळी फडात उतरते, कोयते सपासप चालू लागतात आणि निम्मा ऊस आडवा झाल्यावर पाचटात काहीतरी हलतं. बिबट्याची दोन-तीन पिल्लं, मांजराएवढी. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडे तोडणीच्या हंगामात हे वारंवार घडतं. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याच्या मादीला आडोसा, पाणी, शिवाय गावची कुत्री-डुकरं असं सगळं एका जागी मिळालं. इथल्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसातला.

पिल्लं पाहून माणूस कळवळतो, घरी आणतो, वाटीत गाईचं दूध ओततो. घात होतो तो इथेच. मांजरकुळातल्या आईच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा बरेच जास्त असतात. गाईच्या दुधाने पिल्लांना हगवण लागते आणि एवढ्याशा अंगातलं पाणी भराभर कमी होतं. अगदी लहान पिल्लांना तर शी-शूसुद्धा आपापली होत नाही, आईने चाटावं लागतं.

याहून मोठं नुकसान उशिरा दिसतं. शिकार कशी साधायची, माणसाला कसं टाळायचं, हे पिल्लू आईमागे दीड-दोन वर्षं फिरून शिकतं. माणसाच्या हातावर वाढलेल्याची भीड चेपते, मग त्याला मोकळं सोडता येत नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात जन्मभर राहणाऱ्या बिबट्यांमध्ये असे लहानपणीच आईला मुकलेलेही आहेत. त्यांची निगा उत्तम राखली जाते, तरी माझ्या पोटात तुटतं.

म्हणून पिल्लं सापडली की वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवायचं. पशुवैद्य येऊन जखमा, गोचिडी, अंगातलं पाणी तपासतात. ओळखीसाठी तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली बसवतात. मग संध्याकाळी पिल्लं जिथे सापडली त्याच जागी, भाजीच्या क्रेटसारख्या खोक्यात ठेवायची आणि सगळ्यांनी लांब जायचं. खोकं अशासाठी की पिल्लं रांगत भरकटू नयेत, पण आईला ते सहज उलटवता यावं.

माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, असं सर्रास म्हणतात. बिबट्याच्या बाबतीत तरी ते खरं नाही. अंधार पडल्यावर मादी येते, हुंगते, पंजाने खोकं कलंडवते आणि एका पिल्लाची मानगूट दातांत धरते. मानगूट धरली की पिल्लू अंग सैल सोडून लोंबतं, म्हणून नेताना धडपड होत नाही. ते ठेवून ती दुसऱ्यासाठी परत येते. पहिल्या रात्री आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच करायचं.

हे सगळं होईपर्यंत त्या फडातली तोडणी थांबवावी लागते. कारखान्याकडून तोड मिळायला शेतकऱ्याने किती खेटे घातलेले असतात, हे ऊस लावणाऱ्यालाच ठाऊक. तरीही तो टोळीला शेजारच्या रानात वळवतो आणि एक कोपरा उभा ठेवतो.