पट्टा आणि पट्टी

दिवाळीआधी साडेपाच हजारांना एक जुना जपानी टर्नटेबल घेऊन मी सांगलीत आलो. सोबत 100 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर फुकट मिळाला, म्हणून जरा जास्तच खूश होतो. विश्रामबागेत मावशीकडे पहिली एलपी लावली. मावशीची हयात गाणं शिकवण्यात गेलेली. दोन ओळी ऐकून तिने पेटी पुढे ओढली. "ही बाई काळी चारला गाते रे. इथे पांढरी चार लागतेय. हिला ताप आलाय का?"

मला वाटलं, मोटरवरून ताट फिरवणारा रबरी पट्टा सैल झाला असेल. पण सैल पट्ट्याने सूर हिंदकळतो. पेटीवरच्या नेमक्या तीन पट्ट्या उतरून तिथेच शांत बसत नाही.

मग तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, मोबाइलवर घड्याळ लावलं आणि फेऱ्या मोजल्या. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर 100. माझे भरले 83. शंभराचे पाच-षष्ठांश! गणित तिथेच सुटलं. अशा यंत्रातली सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेशी पाऊल जुळवून फिरते. आपली वीज 50 हर्ट्झची. जपानात टोकियोकडे 50 आणि ओसाकाकडे 60. माझं यंत्र ओसाकाकडचं निघालं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं वाजत होती. क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्हला, म्हणजे पट्ट्याशिवाय मोटर थेट ताट फिरवते त्या यंत्राला, हा त्रास नसतो. बेल्टवाला घेणार असाल तर मागच्या पाटीवरचे हर्ट्झ वाचा आणि पैसे देण्याआधी तीन मिनिटं फेऱ्या मोजा. दुकानदार हसेल, हसू द्या.

दुसरी परीक्षा सुईची. लोक पहिलं गाणं ऐकून व्यवहार ठरवतात. मी शेवटचं लावायला सांगतो. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर रेघ सरकते, आतल्या शेवटच्या खाचेत जेमतेम 21. तेवढ्याच कंपनांना कमी जागा, त्यामुळे नागमोडी वळणं दाटीवाटीची होतात. झिजलेली सुई तिथे 'स' आणि 'श' फाडते. सुईचा तबकडीवरचा भारसुद्धा तपासा, सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा पुरतो. चुंबकीय कार्ट्रिजला (कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारी डबी) साधारण दोन ग्रॅम लागतात, पेटीवजा जुन्या प्लेअरमधल्या सिरॅमिक कार्ट्रिजला पाच-सहा. म्हणून एचएमव्हीच्या फिएस्टाची आठवण कितीही गोड असली, तरी जपून ठेवलेल्या एलपी मी असल्या पेटीवर वाजवत नाही.

मिरजेचे अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये गेले; त्यांचं गाणं मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवर आहे. तिथे एलपीची सुई चालत नाही. त्या खाचेला साधारण चौपट जाड टोक लागतं, बारीक सुई तळाशी जाऊन नुसती खरखर गोळा करते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. 2019 आणि 2021 च्या पुरात भिजलेलं सामान अजून पुसून-पासून विकायला येतं. पट्टा काढा, ताट हाताने फिरवा, खोक्याला कान लावा. बेअरिंगमध्ये गाळ असेल तर चाळणीत वाळू फिरवल्यासारखं ऐकू येतं. प्लायवूडच्या तळाला तपकिरी रेघ दिसली तर नमस्कार करून निघा.

आणि होम थिएटरच्या ऑक्स इनपुटमध्ये चुंबकीय कार्ट्रिजची वायर थेट खुपसू नका. कार्ट्रिजमधून येतात पाचेक मिलिव्होल्ट, तेही खर्ज मुद्दाम कापलेले आणि टीप चढवलेली, कारण पूर्ण खर्ज कोरला तर खाचा शेजारच्या खाचेत घुसतील. हे उलटं करायला फोनो प्रीअँप लागतो. नाहीतर गाणं डास गुणगुणल्यासारखं येतं.

माझं यंत्र कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने सुधारलं. मोटरची पुली 10 मिलिमीटरची होती. वेग सहा-पंचमांश हवा, म्हणून मी 12 ची करून घेतली. फेऱ्या भरल्या साडेअठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजत बसलो तेव्हा ध्यानात आलं की पट्ट्याची एक मिलिमीटर जाडी धरलीच नव्हती. खरा व्यास 11 होता, तो 13.2 हवा, म्हणजे पुली 12.2 ची.

"दोन दशांशासाठी परत आलात?" लेथवाला म्हणाला, पण करून दिली. शंभर फेऱ्या मी मोजल्या. मावशीने त्या मानल्या नाहीत, पेटीवर काळी चार दाबून धरली, आणि मग उठून चहा टाकायला गेली.